चतुःसीमा

कंग्राळी खुर्दमधील एक जुने घर विकत घेण्याचे आम्ही ठरविले, तेव्हा जोते भक्कम आहे, वाशांना वाळवी नाही, एवढे पाहून इसार द्यावा अशीच आमची समजूत होती. ती खोटी ठरविली एका लोखंडी पेटीतून निघालेल्या कागदांच्या बासनाने.

सर्वांत खालचा कागद मोडीतला, त्यावरचे बाळबोध, आणि अलीकडचे सारे कानडी. घर जागचे हलले नव्हते. त्याच्यावरचे राज्य तेवढे हलले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका तेवढा मागे राहून कोल्हापूरला जोडला गेला. (गावाच्या नावातील 'खुर्द' हा शब्द मुळात फारसी. तेव्हा कागदांच्या भाषेचा अभिमान कोणी किती धरावा, हाही प्रश्नच.) तिन्ही लिप्यांत एक गोष्ट मात्र समान होती: चतुःसीमा. पूर्वेस रस्ता, दक्षिणोत्तर शेजाऱ्यांची घरे आणि पश्चिमेस बोळ. मोडीत त्या बोळाची रुंदी हातांत होती, बाळबोधीत ती फुटांत आली.

त्याच १९५६ सालाने घराच्या आतही एक रेघ ओढली होती, तिच्याकडे आपण सीमाभागातील मंडळी फारसे पाहत नाही. जूनमध्ये हिंदू वारसा कायदा आला. मुलीला बापाच्या हिश्श्यात वाटा मिळाला. पण कलम २३ ने राहत्या घरापुरता तिचा हात धरला. पुरुष वारस वाटणी मागत नाहीत तोवर तिलाही ती मागता येत नव्हती. अविवाहित, टाकलेली, विभक्त वा विधवा असेल तर तिला घरात राहता येई, इतकेच. हे कलम २००५ साली गेले, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मतःच मुलासारखी सहदायाद झाली. त्या दिवशी बाप हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले.

विकणारे दोघे बंधू सज्जन, पण "बहिणींना लग्नात दिलं-घेतलं, त्यांचं काय आता?" हे त्यांचे उत्तर ठरलेले. नोंदणीकृत वाटणीपत्र नव्हते. आमच्या वकिलांनी तिन्ही बहिणींच्या सह्यांशिवाय पुढे जाण्यास नकार दिला. महिनाभर व्यवहार अडला. इसार परत घ्यावा, असेही एकदा मनात येऊन गेले.

अखेर सर्वांत थोरल्या बहीणबाई चंदगड तालुक्यातल्या सासरहून आल्या. लग्नानंतर हे माहेर त्यांना परराज्य झालेले. खरेदीखताचा मसुदा कानडीत होता. "मला मराठीत वाचून दाखवा, मग सही," असे त्यांनी सांगितले. आम्हीच एकेक ओळ उलगडून सांगू लागलो. चतुःसीमेपाशी त्यांनी हात वर केला.

"मागचा बोळ कुठं गेला?"

मसुद्यात पश्चिमेस थेट शेजाऱ्याचे घर लागले होते. आमच्या, वकिलांच्या, दोघा भावांच्याही नजरेतून ते सुटले होते. त्या बोळातूनच त्यांनी लहानपणी पाण्याच्या घागरी आत आणल्या होत्या. मोडी कागद पुन्हा काढला, मसुदा दुरुस्त झाला. आठ दिवसांनी त्या पुन्हा एस.टी.ने आल्या आणि भावांच्या आधी त्यांनी सही केली.