धावपट्टीवरचा न्याय : मुलांच्या मैदानी स्पर्धांची परंपरा आणि आपण

समाजाची संपत्ती केवळ मंदिर, स्थानक, धर्मशाळा व ठेवी यांतच मोजली जात नाही. अंगणात धावणारी मुले ही देखील समाजाची संपत्तीच होय. सुवर्णमहोत्सव म्हणजे मागे वळून पाहण्याचा आणि पुढच्या पन्नास वर्षांचा विचार करण्याचा प्रसंग. या प्रसंगी, आपण फारसा न चर्चिलेला एक विषय समाजबांधव व भगिनींसमोर मांडावासा वाटतो. तो विषय म्हणजे मुलांच्या मैदानी स्पर्धा, त्यांची महाराष्ट्रातील परंपरा आणि त्या परंपरेने शिकविलेला धडा.

या परंपरेचे एक महत्त्वाचे पान पुण्यात लिहिले गेले. १९०६ मध्ये तेथे डेक्कन जिमखान्याची स्थापना झाली. पुढे या संस्थेचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांच्याकडे आले. उद्योगपती म्हणून त्यांना सारे ओळखतात, परंतु मुलांच्या खेळांचे संघटक ही त्यांची ओळख तितकीशी परिचित नाही. इंग्लंडमध्ये शिकत असताना त्यांना मैदानी खेळांची गोडी लागली होती. भारतात परतल्यावर त्यांनी मुंबईतील अनेक शाळांना एकत्र आणून विद्यार्थ्यांसाठी क्रीडा संघटना उभी करण्यास साहाय्य केले व तिच्या सरचिटणीसपदाची जबाबदारी सांभाळली. आधी क्रिकेट आणि मग धावणे, उड्या इत्यादी मैदानी स्पर्धा असा तिचा क्रम होता. ऑलिंपिकचे स्वप्न पाहण्याच्या कितीतरी आधी या गृहस्थाने शाळकरी मुलांच्या शर्यती भरविल्या होत्या, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांमध्ये त्यांना निराळेच दृश्य दिसले. १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्याचे वर्णन केले आहे. धावणारी मुले शेतकरी कुटुंबांतील, शेतात राबणारी व साध्या अन्नावर वाढलेली होती. मैदान लहान होते, त्यावर रूळही फिरविलेला नव्हता. शंभर यार्डांची शर्यत वळणावरून धावावी लागे आणि दोऱ्या बांधून वेगळ्या केलेल्या मार्गिका नसत. अशा स्थितीतही त्या मुलांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या तोडीच्या असल्याचे दोराबजींना जाणवले. मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांना त्यांनी या स्पर्धा पाहण्यासाठी बोलावले. आपल्या मुलांना १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला पाठवावे, हा विचार त्याच वातावरणात रुजला.

या काळातली एक आठवण क्रीडा-इतिहासात सांगितली जाते. शंभर मीटर धावण्यासाठी ऑलिंपिकमध्ये किती वेळ अपेक्षित असेल, असे विचारले असता जिमखान्याच्या एका ज्येष्ठ सभासदांनी एक-दोन मिनिटे, असा अंदाज केला. हा हिशेब मिनिटांचा नसून सेकंदाच्या दशांशाचा असतो, हे कळल्यावर ते थक्क झाले. या आठवणीवर हसणे सोपे आहे. मात्र तिचा अर्थ गंभीर आहे. मुलांच्या पायांत वेग होता, पण तो मोजणारी यंत्रणा मोठ्यांपाशी नव्हती.

तरीही संघ गेला. दोराबजींनी पदरमोड केली व लोकांकडूनही निधी जमविण्यात आला. चार धावपटू आणि दोन कुस्तीगीर असा तो लहानसा चमू होता. बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी ४२.७५ किलोमीटरची मॅरेथॉन पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. सदाशिव दातार हे दुसरे मॅरेथॉन धावपटू. कुस्तीत रणधीर शिंदे यांचे पदक थोडक्यात हुकले. पदक मिळाले नाही, परंतु मार्ग दिसला. १९२४ मध्ये दिल्लीत अखिल भारतीय मैदानी स्पर्धा झाल्या व १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष दोराबजीच होते.

महाराष्ट्रात आणखीही एक प्रवाह होता. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून तरुणांना व्यायामाचे शिक्षण देऊ लागले व १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या चमूने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. कराडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला धाडण्यासाठी गावकऱ्यांनी वर्गणी जमविली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. समाजाने हात दिला की काय घडते, याचे याहून मोठे उदाहरण कोणते?

अलीकडच्या काळाकडे पाहिले तर चित्र आशादायक, तसेच विचार करायला लावणारे आहे. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक जिंकले. सातारा जिल्ह्यातील मोही गावच्या ललिता बाबर आधी खो-खो खेळत. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीची त्यांनी अंतिम फेरी गाठली. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे लहानपणी काही किलोमीटर पायपीट करून शाळेत जात. त्यांच्यातील धावपटू खऱ्या अर्थाने प्रकट झाला तो सैन्यात दाखल झाल्यावर. २०२३ मध्ये त्यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक पटकाविले. ही तिन्ही गावे लहान आहेत. पण ज्या गावांत कोणी पाहिलेच नाही, तेथील किती मुलांचा वेग शाळेच्या वाटेवरच विरून गेला असेल, हा प्रश्न मनाला अस्वस्थ करतो.

आता आपल्याकडे वळू. महावीर जन्मकल्याणकाच्या निमित्ताने किंवा स्नेहसंमेलनात आपण मुलांसाठी लिंबू-चमचा, पोत्यातील शर्यत ठेवतो. त्यांत आनंद असतो, तो टिकलाच पाहिजे. त्याबरोबर वर्षातून एक दिवस खऱ्या मैदानी स्पर्धांचा असावा. त्यासाठी सिंथेटिक ट्रॅक लागत नाही. सपाट मैदान, फक्की, मोजपट्टी, दोन-तीन स्टॉपवॉच व लांब उडीसाठी वाळूचा खड्डा इतके पुरे. सर्वांत महत्त्वाचा आहे तो न्याय. वळणावर बाहेरच्या मार्गिकेतील मुलाला अधिक अंतर पडते. मार्गिका १.२२ मीटर रुंद असेल, तर पूर्ण फेरीत प्रत्येक मार्गिकेमागे हा फरक सुमारे सात ते पावणेआठ मीटर होतो, मैदान लहान असो वा मोठे. म्हणून सुरुवातीच्या रेषा तितक्याच पुढे आखाव्या लागतात. हे केले नाही तर हरलेले मूल स्वतःला दोष देत घरी जाते आणि दोष मात्र आपल्या आखणीचा असतो.

काळवेळेचाही विचार हवा. जन्मकल्याणक चैत्रात येते आणि तेव्हा आपल्या खानदेशचे ऊन काय असते, हे वरणगावकरांना सांगायला नको. मुले नवकारसी पाळत असतील तर पहाटे पाण्याविना त्यांना पळविणे बरे नव्हे. पर्युषणात काही मुले उपवास करतात, तेव्हा तो काळही टाळावा. चातुर्मास संपून कार्तिक पौर्णिमा उलटली की थंडी सुरू होते. हाच आपला योग्य हंगाम. स्पर्धा नवकारसीनंतर सुरू करून दुपारच्या आत आटोपता येतात. चौविहार करणाऱ्यांचीही त्यामुळे अडचण होत नाही.

जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने २००० नंतरच्या दशकात मुलांसाठी 'किड्स अ‍ॅथलेटिक्स' हा उपक्रम विकसित केला. त्यात मुले-मुली मिळून संघ करतात, हलकी साधने वापरतात आणि प्रत्येक मुलाची कामगिरी संघाच्या गुणांत मोजली जाते. लहान वयात हेच योग्य. बक्षीस तिघांनाच मिळेल, पण नोंद प्रत्येकाची व्हावी. एक साधी वही ठेवावी. नाव, वय, अंतर व वेळ एवढेच तीत लिहावे. पुढच्या वर्षी त्याच मुलीला आपली जुनी वेळ दाखवावी. इतरांना जिंकण्यापूर्वी स्वतःला जिंकावे, ही शिकवण आपल्या धर्माने दिलेलीच आहे. मैदानावर ती आकड्यांत दिसते, इतकेच.

पुण्याच्या त्या खडबडीत मैदानावर पायांची उणीव नव्हती, पाहणाऱ्या डोळ्यांची व मोजणाऱ्या हातांची होती. शंभर वर्षांनंतर वरणगावात ती उणीव राहू नये. आपल्या न्यासाच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेत त्या वहीची काही पाने छापली जावोत, हीच सदिच्छा.

जय जिनेंद्र!