शाश्वत विकासाची राष्ट्रीय धोरणे

निसर्गसंपत्तीचे रक्षण आणि विकासलाभांचे न्याय्य वाटप यांची सांगड घालण्यासाठी निरनिराळ्या देशांनी केलेले कायदे व योजना म्हणजे शाश्वत विकासाची राष्ट्रीय धोरणे होत. १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने ही संकल्पना जगभर रूढ केली. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने १७ ध्येये निश्चित केली. ध्येये समान असली, तरी रक्षणाचा भार कोणी सोसावा आणि निर्णय कोणी घ्यावा, यांविषयीची धोरणे देशपरत्वे भिन्न आहेत.

भूतान

२००८ च्या राज्यघटनेनुसार किमान ६० टक्के भूभागावर कायम वनाच्छादन राखणे बंधनकारक आहे. 'सकल राष्ट्रीय आनंद' हे तेथे विकासाचे परिमाण मानले जाते. मात्र १९९० च्या दशकात सुमारे एक लाख नेपाळीभाषक ल्होत्शाम्पांना देश सोडावा लागल्यामुळे या आनंदाच्या व्याप्तीवर आक्षेप घेतले जातात.

कोस्टा रिका

१९९६ च्या वनकायद्याने वनजमिनीच्या अन्य वापरास मनाई केली. जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना मोबदला दिला जातो. त्यासाठी इंधनावरील करातून निधी उभारला जातो. विसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर घटलेले वनक्षेत्र पुन्हा वाढून देशाच्या निम्म्याहून अधिक झाले आहे. मोबदला जमिनीशी निगडित असल्याने भूमिहीनांना त्याचा थेट लाभ होत नाही.

जर्मनी

२०२० च्या कायद्यानुसार कोळशापासून होणारी वीजनिर्मिती २०३८ पर्यंत थांबवायची आहे. कोळशावर अवलंबून असलेल्या प्रदेशांसाठी ४० अब्ज युरोपर्यंतच्या साहाय्याची तरतूद आहे. एवढा खर्च पेलणे गरीब देशांना कठीण आहे.

भारत

२००६ च्या वनहक्क कायद्याने वनांवरील सामूहिक हक्कांना मान्यता दिली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला असे हक्क २००९ मध्ये मिळाले आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर ओडिशातील नियमगिरी परिसरातील १२ ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीस नकार दिला. तथापि, कायद्याची अंमलबजावणी राज्याराज्यांत असमान आहे.

तुलना

भूतानचा भर घटनात्मक बंधनावर, कोस्टा रिकाचा आर्थिक मोबदल्यावर, जर्मनीचा नुकसानभरपाईवर, तर भारतीय कायद्याचा स्थानिकांच्या हक्कांवर आहे. पहिल्या तीन पद्धतींत शासन प्रामुख्याने संरक्षक किंवा दाता असते. चौथीत निर्णयाचा काही अधिकार जंगलावर उपजीविका करणाऱ्यांकडे जातो. त्यामुळे वनाच्छादनाची टक्केवारी वा खर्चाचे आकडे एवढ्यावरूनच कोणत्याही धोरणाची न्याय्यता ठरवता येत नाही.