शिरोड्याचे मीठ आणि दानीएल

* शिरोडा (ता. वेंगुर्ले) : येथील मिठागरांवर मे 1930 मध्ये मिठाचा कायदा मोडून सत्याग्रह झाला. सरकारचा कायदा असा मोडावा का, हा प्रश्न बायबलातही आहे. सत्तेच्या आज्ञेत राहा, कर भरा, असे सांगणारा प्रेषित पौल (रोमकरांस पत्र, अध्याय 13) कोणत्याही सरकारला सोयीचाच. तो स्वतः तुरुंगात गेला होता, हे मात्र त्याचा हवाला देणारे सहसा विसरतात! त्याच बायबलात फारोचा हुकूम मोडून इब्री मुलगे जगवणाऱ्या शिफ्रा आणि पुवा या सुइणीही आहेत (निर्गम, अध्याय 1).

गांधीजी थोर सत्याग्रही मानत ते बायबलातल्याच दानीएलाला. प्रार्थनाबंदीची राजाज्ञा झुगारून तो खिडक्या उघड्या ठेवून प्रार्थना करीत राहिला. शिक्षा चुकवायला पळाला नाही, सिंहांच्या गुहेत गेला. शिरोड्यातही मिठाचा कायदा लपूनछपून नव्हे, उघड मोडला गेला.

कादंबरीकार वि. स. खांडेकर तेव्हा शिरोड्याच्याच शाळेत शिक्षक होते. — संपादक