चंदीचा दुर्ग व चंदीचे कागद

महाराष्ट्रांतील जुन्या घराण्यांच्या रुमालांत ज्या एका दूरच्या स्थळाचें नांव वारंवार येतें, तें कर्नाटकांतील जिंजी होय. आमच्या कागदांत त्याचीं 'चंदी', 'चंजी' अशीं रूपें आढळतात. मोंगलांनीं पुढें त्यास नुस्रतगड म्हटलें. आज हा दुर्ग तामिळनाडूंत मोडतो. तेथील तट व येथील दप्तरें हीं एकाच राज्यकारभाराचे दोन साक्षीदार असून, एकास वगळून दुसऱ्याची साक्ष घेणें अपुरें होय, असें आमचें मत आहे.

राजगिरि, कृष्णगिरि व चंद्रगिरि या तीन डोंगरांस एका विस्तीर्ण तटानें जोडून हा दुर्ग सिद्ध झाला आहे. राजगिरि सर्वांत उंच. त्याचा माथा व पायवाट यांमध्यें खोल घळ असून ती लाकडी पुलानें ओलांडावी लागते. पूल काढून घेतला कीं थोडक्या लोकांनीं माथा राखावा, अशी ही योजना. पायथ्याशीं अनेक मजली कल्याणमहाल, धान्याचीं प्रचंड कोठारें, तलाव, वेंकटरमणाचें देवालय व सादतुल्लाखानाची मशीद हीं पाहावयास मिळतात. नायक, विजापूरकर, मराठे, मोंगल, फ्रेंच व इंग्रज अशा सर्वांचा हात या स्थळावरून फिरला आहे.

शिवछत्रपतींनीं इ. स. १६७७ मध्यें हा दुर्ग विजापूरकरांच्या अधिकाऱ्याकडून घेतला. जेझुइट पाद्री आंद्रे फ्रेअर याच्या १६७८ च्या पत्रावरून महाराजांनीं येथें नवे तट, खंदक व बुरूज उभारण्याचें काम मोठ्या नेटानें चालविलें होतें, असें दिसतें. पांदेचरीचा फ्रेंच अधिकारी फ्रान्स्वा मार्तें यानेंही या बांधकामाची दखल घेतली आहे. या खर्चाचें फळ बारा वर्षांनीं दिसून आलें.

१६८९ मध्यें संभाजी महाराजांचा वध झाला व रायगड मोंगलांच्या हातीं गेला. राजाराम महाराज वेषांतर करून त्याच वर्षाअखेर कर्नाटकांत पोंचले. केशव पंडिताचें 'राजारामचरितम्' हें संस्कृत काव्य या प्रवासाचें समकालीन साधन आहे. १६९० मध्यें झुल्फिकारखानानें वेढा घातला, तो जानेवारी १६९८ पर्यंत थांबत-चालत राहिला. १६९२-९३ च्या हिंवाळ्यांत संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांनीं खानास असें जेरीस आणिलें कीं त्यास वेढा उठवून वांदिवाशाकडे हटावें लागलें. शेवटीं दुर्ग पडला, परंतु महाराज तत्पूर्वींच निसटून स्वदेशीं परतले होते.

केवळ तटांच्या बळावर हें झालें नाहीं. खजिना रिता असतां सरदारांस देण्याजोगें एकच धन उरलें होतें; तें म्हणजे लेखी अभय व वतन. १६९१ मध्यें हणमंतराव व कृष्णाजी घोरपडे यांस सहा लक्ष होनांचा सरंजाम लिहून दिला, त्यांत रायगड, विजापूर, भागानगर व औरंगाबाद घेतल्यावर द्यावयाचे हप्ते असून निम्मी रक्कम दिल्ली जिंकण्यावर ठेविली होती. वेढ्यांत सांपडलेला राजा दिल्लीचा हिशेब मांडतो, हा कागद भाबडा नव्हे. त्या काळच्या निर्धाराचें तें अधिकृत लेखन होय.

मात्र याच उदार दानांमुळें पुढें वतनांचे तंटे माजले व बनावट पत्रेंही निपजलीं. तेव्हां चंदीचा म्हणून दाखविला जाणारा कागद पारखून घ्यावा. राज्याभिषेक शकाचा आंकडा व संवत्सर जुळतात कीं नाहीं, हें प्रथम पाहावें. आनंद संवत्सर हें १ धरिल्यास १७ ला प्रमोद व २४ ला ईश्वर येतो. परंतु संवत्सर चैत्रांत पालटतें व राजशक ज्येष्ठ शुद्ध १३ ला, म्हणून मधल्या काळांत आंकडा एकानें मागें असणें हा दोष नव्हे. तसेंच महाराष्ट्रांत रामचंद्रपंत अमात्य व शंकराजी नारायण हे स्वतंत्रपणें सनदा देत असत. एकाच वतनाच्या दोन सनदा निघाल्या, एवढ्यावरून त्यांपैकीं एक खोटीच ठरवूं नये.

१६९० मध्यें इंग्रजांनीं तेगनापट्टणचा कोट महाराजांकडून विकत घेतला. त्या व्यवहाराची नोंद इंग्रजांच्या दप्तरांतही आहे. अशी परकी साक्ष उपलब्ध असतां तीही ताडून पाहावी. २०२५ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत बारा मराठा दुर्ग घेतले गेले. त्यांत महाराष्ट्राबाहेरील एकटी जिंजी आहे. दगडांचें रक्षण त्यामुळें कांहीं अंशीं निश्चित झालें. कागदांचें तसें नाहीं. ते अजून माळ्यांवर व पेट्यांत आहेत. म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, चंदीचें पत्र हातीं आल्यास तें मूळ रुमालांतून वेगळें करूं नये. करणें अपरिहार्यच झाल्यास तें कोणत्या घरीं, कोणत्या कागदांच्या शेजारीं होतें, हें तत्काळ लिहून ठेवावें. शेजार तुटला कीं अस्सल पत्राचीही निम्मी साक्ष नाहींशी होते.