सही झाली, ताबा कुठाय?
जुन्या दप्तरात सही केलेला भाडेकरार सापडला, की भाडेकरू तिथे राहायला गेलाच असं तुम्ही धरून चालता ना? थांबा. मालकाने ऐनवेळी हात वर केले असतील तर? 'जुना भाडेकरू निघत नाही, मी काय करू?' ही सबब इंग्लंडमध्ये १८२९ च्या 'को विरुद्ध क्ले' खटल्यात चालली नाही. ताबा देणं मालकाचंच काम ठरलं. व्हर्जिनियाच्या न्यायालयाने मात्र १९३० मध्ये 'हॅनन विरुद्ध डश'मध्ये उलट निकाल दिला. १५ वर्षांचा करार हातात, आणि घुसून बसलेल्याला काढायचं नव्या भाडेकरूनेच! (मालकाने स्वतः अडवलं तर गोष्ट वेगळी.) आपल्याकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ सांगतं: भाडेकरूने मागितला की मालकाने ताबा द्यायचा. पण करारात वेगळं ठरलं नसेल तरच. म्हणून आधी करारातल्या अटी वाचा, मग भाड्याची पहिली पावती शोधा.