गुळाचे दर आणि न तुटणारा धागा

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये कोल्हापुरात शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली आणि तेथे गुळाचा व्यापार भरभराटीला आला. गुऱ्हाळातून रवे येतात, सौदा निघतो, दर ठरतो, त्याची नोंद होते. असे दर महिन्यामागून महिना ओळीने मांडले, की संख्याशास्त्रज्ञ त्यांना 'कालश्रेणी' म्हणतात.

समजा, आपण पन्नास वर्षांच्या गुळाच्या दरांचा आलेख काढला आणि त्याच कागदावर शहरातील वाहनांच्या संख्येचाही काढला. दोन्ही रेघा वर चढताना दिसतील. सहसंबंध गुणांकही १ च्या जवळपास येईल. मग गूळ महागल्याने वाहने वाढली, असे म्हणायचे का?

ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ उडनी यूल यांनी १९२६ मध्ये हाच धोका दाखवला. १८६६ ते १९११ या काळात इंग्लंड व वेल्समध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या पद्धतीने होणाऱ्या विवाहांचे प्रमाण घटत होते आणि मृत्युदरही घटत होता. दोहोंतील गुणांक आला ०.९५! अशा संबंधांना त्यांनी 'निरर्थक सहसंबंध' म्हटले.

१९७४ मध्ये क्लाइव्ह ग्रेंजर व पॉल न्यूबोल्ड यांनी संगणकावर एकमेकींशी काडीचाही संबंध नसलेल्या भटक्या श्रेणींच्या जोड्या तयार केल्या. नेहमीच्या कसोटीने सुमारे तीन चतुर्थांश जोड्यांत 'संबंध आहे' असा कौल दिला. मूळ आकड्यांऐवजी त्यांतील महिन्यागणिक बदल तपासावा, हा एक उपाय होता. पण त्यात दीर्घकाळाचे नातेच हरवून जाई.

दोन भटक्या श्रेणींमधील अंतर मात्र स्थिर राहू शकते, असे डेव्हिड हेन्‍ड्री यांचे म्हणणे होते. ते खोडून काढायला ग्रेंजर बसले आणि झाले उलटेच: हेन्‍ड्री यांचेच म्हणणे सिद्ध झाले! ग्रेंजर व रॉबर्ट एंगल यांनी १९८७ मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली. तिचे नाव 'कोइंटिग्रेशन'. आपण 'सहसंकलन' म्हणू. २००३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. ग्रेंजर यांना ते याच कामासाठी होते.

कोल्हापूरचा गूळ गुजरातेत जातो. समजा, इथला दर तिथल्यापेक्षा फारच उतरला. व्यापारी इथे जास्त खरेदी करतील, माल तिकडे पाठवतील. इथला दर चढेल, तिथला उतरेल आणि अंतर पुन्हा वाहतूक व अडत यांच्या खर्चाइतके होईल. दोन्ही दर कुठेही भटकोत, त्यांच्यातला धागा तुटत नाही. गूळ आणि वाहने यांच्यात असा धागा नाही. म्हणून रेघा जोडीने चढतात का, एवढ्यावर थांबू नये. त्यांच्यातील अंतर पुन्हा पुन्हा पूर्वपदावर येते का, हे तपासावे.

अंतर वाढतच गेले, तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे, असा संशय घ्यायला जागा आहे. तिकडची तेजी इकडच्या ऊस उत्पादकापर्यंत पोचते का, हे त्यावरून कळू लागते. भाव न्याय्य आहे की नाही, हे मात्र ही कसोटी सांगत नाही.

वर्गात दोन विद्यार्थ्यांना प्रत्येकी पन्नास वेळा नाणे उडवू द्या. छापा आला तर एक मिळवा, काटा आला तर एक वजा करा आणि चालू बेरजेचा आलेख काढा. असे बऱ्याच जोड्यांनी केले, की काही आलेख एकमेकांचे सख्खे भाऊ वाटतील. त्यांचे नाते काय, हे मुलांनाच विचारा, असे आम्ही सुचवतो.