दिवाळे निघण्यापूर्वीची वाट

कर्ज आता फिटणार नाही, हे ऋणकोला धनकोच्या आधी कळलेले असते. तोंडाने ते सांगायला मात्र त्याला वर्षे लागतात. दरम्यान जुने फेडण्यासाठी नवे काढले जाते, घरातील सोने गहाण पडते, जामीन राहिलेला मेहुणा घराची पायरी चढेनासा होतो आणि अखेरीस कोर्टाचा बेलीफ दाराशी उभा राहतो. धर्मगुरूला अनेक घरांतून बसण्याचा प्रसंग येतो. आजारपणाविषयी, मृत्यूविषयी, मुलांच्या वागण्याविषयीही माणसे मोकळेपणाने बोलतात; कर्जाविषयी बोलत नाहीत. आणि तरीही दिवाळे निघण्यापूर्वी धनकोसमोर बसून 'एवढे मला झेपत नाही. काही सोडा, उरलेले घ्या' असे म्हणण्याची एक वाट असते. ही वाट कायद्याने पाडण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्याच महाराष्ट्रात झाला. तो कोठे फसला, हे समजून घेण्याजोगे आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारासाठी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. त्यांना हवी होती ती खते आणि वह्या. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले तेथे त्याच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही. कागदांची मात्र होळी झाली. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला व ९५१ लोकांना अटक झाली. याची ठिणगी आदल्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे गावी पडली होती. तेथे एका सावकाराने अवघ्या १५० रुपयांच्या हुकूमनाम्यापायी गावच्या देशमुखाचे घर पाडले, आणि गावाने सावकारांवर बहिष्कार घातला.

लोक इतके का पेटले? कापसाची तेजी १८६५ नंतर ओसरली आणि पाठोपाठ सारावाढ आली, ही कारणे आपण शाळेत वाचलेली असतात. कायद्याचे कारण तितकेसे सांगितले जात नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताला तीन वर्षांची मर्यादा घातली. ऋणको कायमचा बांधलेला राहू नये, हा त्यामागील हेतू. घडले उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार नवे खत लिहून घेई, थकलेले व्याज मुद्दलात मिळवी आणि त्या वाढलेल्या मुद्दलावर पुन्हा व्याज लावी. शेतकरी अंगठा उठवी. दंग्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे तर १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून अधिक व्याज लावल्याचे प्रकरण आले. व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, हा आपला जुना दामदुपटीचा नियम. परंतु कागदावरील मुद्दलच दर तीन वर्षांनी फुगत असेल तर त्या नियमाने कोणाला वाचवावे?

यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. मला त्यातील दोन गोष्टी विशेष वाटतात. पहिली, न्यायाधीशाने खतावरील आकड्यापाशी न थांबता व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागे जावे आणि मूळ घेतले किती, दिले किती, हे स्वतः तपासावे. दुसरी म्हणजे कन्सिलिएटर. गावोगावची प्रतिष्ठित माणसे समेट घडवण्यासाठी नेमली गेली. समेटाचा प्रयत्न फसल्याचा दाखला त्यांच्याकडून आणल्याखेरीज सावकाराला शेतकऱ्यावर फिर्याद करता येईना. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. पन्नास रुपये वा अधिक कर्ज असलेल्या शेतकऱ्याला नादारीचा अर्ज करण्याचीही सोय झाली. मात्र तिचा आधार फार थोड्यांनी घेतला. पन्नास वर्षे जो सावकार बी-बियाण्याला आणि मुलीच्या लग्नाला पैसे देतो, त्याच्यासमोर कोर्टात नादार म्हणून उभे राहणे सोपे नव्हते. पुढच्या पावसाळ्यात त्याच्याच ओट्यावर जायचे असे.

म्हणजे खरी भिस्त कन्सिलिएटरवर होती, आणि नेमकी तीच कच्ची निघाली. समेटाची कबुली कोर्टात दाखल झाली की तिला हुकूमनाम्याचे बळ येई. परंतु न्यायाधीश करीत असे ती हिशेबाची छाननी कबुलीपूर्वी होईलच, याची शाश्वती नव्हती. सावकार ऋणकोला कन्सिलिएटरपुढे नेई, ऋणको मान डोलवी आणि फुगलेला आकडाच कायम होई. कन्सिलिएटरच्या हाती सूट मिळवण्यासाठी होती केवळ विनंती. माझ्या मते त्याच्या सज्जनपणाला दोष देण्याचे कारण नाही; रिकाम्या हाताने तडजोड करायला गेलेल्या माणसाचे असेच होते.

पवित्र शास्त्रात नहेम्याचे उदाहरण आहे. दुष्काळात गहाण पडलेली शेते आणि द्राक्षमळे परत करा, असे त्याने यरुशलेमच्या श्रीमंतांना सांगितले. सांगण्यापूर्वी त्याने सभा भरवली, आपण व आपल्या माणसांनीही लोकांना कर्जे दिली आहेत हे मान्य केले आणि नंतर याजकांना बोलावून श्रीमंतांकडून शपथ घेतली. सांगणाऱ्याने स्वतःचे काही पणाला लावले होते आणि लोक साक्षीला होते.

हे मर्म सर विल्यम वेडरबर्न यांना उमगले होते. न्यायमूर्ती रानडे यांच्या साथीने त्यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली. सरकारने आधी पैसा पुढे करून शेतकऱ्यांची जुनी कर्जे तडजोडीने मिटवावीत आणि मग बँकेने कोऱ्या पाटीवर नवे व्यवहार सुरू करावेत, अशी ती कल्पना होती. भारत सरकारने १८८४ साली योजना उचलून धरली. लंडनहून नकार आला. पुढे १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्था निघाल्या. आपल्या फादर हॉफमन या येशूसंघीय धर्मगुरूंनी १९०९ साली छोटा नागपुरात आदिवासींसाठी अशीच मोठी संस्था उभारली. पण नवे कर्ज स्वस्त झाले म्हणून जुने कोणी माफ करीत नाही.

जुन्या कर्जाचा प्रश्न १९२९ नंतरच्या मंदीत पुन्हा उफाळला. पिकांचे भाव कोसळले, कर्जाचा आकडा तेवढाच राहिला. १९३३ साली मध्य प्रांतात, ज्यात तेव्हा विदर्भही होता, कर्ज समेट मंडळांचा कायदा झाला. ऋणकोने अर्ज करावा, मंडळाने साऱ्या धनकोंना बोलावून हिशेब मांडायला लावावेत आणि रक्कम कमी करून हप्ते बांधावेत, अशी ही रीत. एखाद्या धनकोने वाजवी देकारही धुडकावला तर मंडळ ऋणकोला तसा दाखला देई. मग त्या धनकोला कोर्टात दाव्याचा खर्च मिळत नसे आणि व्याजावरही मर्यादा येई. १८७९ च्या कन्सिलिएटरजवळ जे नव्हते, ते या दाखल्यात होते.

सर्वांत बोलका प्रयोग काठेवाडातील भावनगर संस्थानात त्याच सुमारास झाला. दिवाण सर प्रभाशंकर पट्टणी यांनी शेतकऱ्यांची सारी कर्जे मोजायला लावली. सावकारांची मागणी सुमारे ८६ लाख ३८ हजार रुपयांची होती. संस्थानाने ती सुमारे २० लाख ५९ हजारांत, म्हणजे चौथ्या हिश्श्याहूनही कमी रकमेत मिटवली आणि ते पैसे सावकारांना रोख मोजले. शेतकऱ्यांनी ही रक्कम संस्थानाला हप्त्याहप्त्याने फेडायची होती. सावकार एवढे पाणी कसे सोडायला तयार झाले? ते काही एका रात्रीत दयाळू झाले नव्हते. मंदीच्या दिवसांत वहीतील शंभर रुपये वसूल होण्याचा भरवसा नव्हता, आणि पंचवीस रुपये समोर मोजून ठेवलेले होते.

आज बँकेची 'वन टाइम सेटलमेंट' याच हिशेबावर चालते. व्यक्तीला दिवाळखोरीपूर्वी परतफेडीची योजना धनकोंपुढे ठेवण्याची तरतूद २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत लिहिली गेली. तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू करण्यात आला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता. घरखर्चात वा आजारपणात बुडालेल्या साध्या माणसाला या तारखेने काही मिळाले नाही. त्याला कन्सिलिएटर नाही आणि मंडळही नाही. आपल्या देण्याघेण्याचा कागद स्वतःच मांडून, नातलगांनी जमवून दिलेली रक्कम हाती ठेवून त्याला बँकेच्या व्यवस्थापकासमोर बसावे लागते. ती रक्कम जमायची, तर त्याआधी घरच्यांना सारे सांगावे लागते.